नवरीच्या नावाची सात पावलं

मी चप्पल काढली, प्लॅस्टिकची खुर्ची पुढं ओढली आणि डावा पाय तिच्यावर ठेवला. लातूरच्या एका मंगल कार्यालयात, रुखवताच्या टेबलासमोर, नवरदेवाकडच्या बायांच्या गराड्यात. माझ्या नातीचं लग्न होतं. अक्षता पडायला तासभर राहिला होता.

"हा अंगठा बघा," मी नवरदेवाच्या चुलतीला म्हणाले. "आता तुमच्या फोनातला बघा. नख मधोमध फाटलंय का न्हाई? माझ्या पायावर पाटा पडला होता. तुमच्या पायावर बी पडला होता का?"

चुलतीच्या हातात फोन होता. फोनात एक फोटो होता. जमिनीवर ओळीनं मांडलेली सप्तपदीची सात पावलं, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची, वाकळ शिवतात तशी धावदोऱ्यानं शिवलेली. फोटोच्या खालच्या बाजूला तिच्या दुकानाची लाल पट्टी आणि फोन नंबर. ही बाई लातुरात रुखवत भाड्यानं देते. तीच सात पावलं आमच्या टेबलावर मांडलेली होती, आणि थोड्या वेळापूर्वी चुलती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "हे तर माझं डिझाइन हाय. नेटवरून उचललं आन् आणून मांडलं. माझंच मला दाखवून राहिल्या या."

फोटोच्या कोपऱ्यात, लाल पट्टीच्या जरा वर, माझा अंगठा होता.

बायांनी आधी माझ्या पायाकडं पाहिलं, मग फोनाकडं. एक जण हसली. दुसरी म्हणाली, "हाव की, तोच हाय." मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. पण ते दोन मिनिटंसुद्धा टिकलं नाही.

चुलती गोरीमोरी झाली नाही. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि शांतपणे म्हणाली, "बरं. फोटो तुमचा. पावलं तुम्ही शिवली. असंच म्हणायचंय ना?"

"हाव."

"मग ही पाटी कशाची हाय?"

पावलांच्या मागं थर्माकोलची पाटी उभी होती. सोनेरी अक्षरं, कडेला मोती. तिनं ती शाळेत धडा वाचतात तशी वाचली. "हे रुखवत वधूने स्वतःच्या हातांनी तयार केले आहे." मग बायांकडं वळून म्हणाली, "आजीनं केलं असलं तर नवरी खोटी. नवरीनं केलं असलं तर आजी खोटी. दोघीतली कोण, ते यांनाच ठरवू द्या."

आवाज ऐकून नात नवरीच्या खोलीतून बाहेर आली होती. अंगावर पिवळी अष्टपुत्री, कपाळाला मुंडावळ्या. दारात उभी. तिच्या शेजारी तिची होणारी सासू. दोघींनी सगळं ऐकलं होतं. माझा पाय अजून खुर्चीवरच होता. तो खाली घ्यायचं मला सुचलं नाही.

पाटी मी लिहायला लावली होती. नात नको म्हणत होती.

रुखवताची रीत सगळ्यांना माहीत आहे आणि त्यातलं खोटंही सगळ्यांना माहीत आहे. नवरीनं केलं असं म्हणायचं. करणारी असते मावशी, चुलती, नाहीतर गल्लीतली एखादी बाई जिचा हात बरा चालतो. आमच्याकडं ती बाई मी. माहेर निलंग्याकडचं, शाळा चौथीपर्यंत, लग्न होऊन भोकरकडं आले. शेतातलं काम उरकलं की हातात सुई. गावातल्या किती पोरींचं रुखवत केलं ते मोजलं नाही. विणलेली तोरणं, मण्यांची तुळस, ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी, डाळींची रांगोळी काचेखाली बसवलेली. लग्नात मी मागच्या रांगेत बसायचे आणि लोक म्हणायचे, नवरीच्या हातात कला आहे हो. मी मान हलवायची. मला त्याचा राग यायचा नाही. अशा गोष्टीचा राग येऊ शकतो हेच मला माहीत नव्हतं.

नवरा गेल्यावर मी नांदेडला धाकट्या मुलाकडं राहायला आले. इथं फ्लॅट आहे, खाली फरशी आहे, शेत नाही. नात एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. तिनं नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. माझ्याकडं साबणाचं एक मोठं खोकं होतं. त्यात पेपरातली चित्रं, कॅलेंडरच्या मागं काढलेले नमुने, दोऱ्यांचे तुकडे टाचलेले कागद. उंदरांनी त्यातलं निम्मं खाल्लं होतं. नात म्हणाली, "आजी, हे सगळं फोनात ठेवता येतं."

तिनं मला ती साइट दाखवली जिथं चित्रं टाचून ठेवतात. एका विषयाचा एक बोर्ड करायचा आणि त्याच्यावर चित्रं लावत जायचं. आपण काढलेला फोटो लावता येतो, दुसऱ्यानं लावलेला आपल्या बोर्डावर घेता येतो. एक चित्र दाबलं की त्याच्यासारखी आणखी शंभर खाली येतात. टाइप करायला मला वेळ लागतो, पण माइकवर बोललं की ती साइट समजते. मी म्हणाले, "जुन्या साडीची कुंची." आणि कुंच्या आल्या. लेकराच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची ती कुंची, जी मला वाटायचं आता कुणी शिवत नाही. दुपारभर मी बघत बसले. सुनेनं दोनदा जेवायला हाक मारली.

पण दोन दिवसांतच मला त्या साइटचा राग यायला लागला. चित्रं हजार आणि अक्कल एकात नाही. कापड किती, दोरा कोणता, उलटं करून शिवायचं की सुलटं, काही नाही. नुसती शोभा. चित्रावर दाबून मूळ ठिकाणी जावं तर ते पान बंद. नाहीतर चित्र कुंचीचं आणि आत गेलं की केसाच्या तेलाची जाहिरात. निम्म्या वस्तू गोंदाच्या बंदुकीनं चिकटवलेल्या, ज्या आमच्या उन्हाळ्यात आठ दिवसांत सुटून पडतात. मी एक तोरण तसं करून पाहिलं. चैत्रात दारावरून एकेक फूल खाली पडत होतं. सून झाडून काढायची आणि काही बोलायची नाही. तिचं न बोलणं मला कळतं.

मग मी माझे बोर्ड माझ्या पद्धतीनं लावले. एक कुंचीचा, एक वाकळीचा, एक रुखवताचा, एक लोकरीचा, एक टाकाऊ वस्तूंचा. आणि एक बोर्ड, ज्याचं नाव मी ठेवलं "दिसतं पण होत नाही". त्यात सगळी फसवी चित्रं. तो सगळ्यात जास्त बायांना आवडला.

माझा नियम एकच. करून पाहिल्याशिवाय टाचायचं नाही. करून पाहिलं की आपला फोटो लावायचा आणि खाली लिहायचं. माझं माप वीत आणि बोटं. "वीतभर लांब, सहा बोटं रुंद, लुगडं दोन पदरी, मध्ये धोतर." नातीनं माझे बोर्ड सगळ्यांसाठी खुले करून दिले. तिथं नांदेडच्या गल्लीतल्या बाया आल्या, मग भोकरच्या, मग लातुरातल्या काही. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. एकीनं खाली विचारलं, "आजी, बोटं म्हणजे किती सेंटिमीटर?" मी लिहिलं, "तुमच्या लेकरासाठी शिवता तर बोटं तुमचीच धरा." एकीनं बोर्डावर रोज सुप्रभातचं फुलांचं चित्र लावायला सुरुवात केली. मी तिला काढून टाकलं. ती रुसली. रुसू दे. डबा धान्यासाठी असेल तर त्यात चपला ठेवत नाहीत.

नात एक गोष्ट सुरुवातीपासून सांगत होती. "आजी, फोटोवर तुझं नाव टाक."

"कशाला?"

"तू केलं म्हणून."

"लेकराच्या कुंचीवर नाव टाकतात का कुणी? दिलेल्या वस्तूवर आपलं नाव टाकलं तर ते दिलं कसलं. आहेर करून वर चिठ्ठी लावल्यासारखं."

"अगं, इथं नाव नसलं की कुणाचं बी होतं."

"होऊ दे. वापरतील की चार बाया."

ती म्हणाली, "तू लई मोठ्या मनाची हायस, पण त्या साइटला मन न्हाई." मी तिला गप्प केलं. मी चौथी आणि ती पदवीधर, पण गप्प बसवायला शिक्षण लागत नाही.

सात पावलं मी तिच्या लग्नासाठी केली. बाजारात सप्तपदीची पावलं मिळतात, प्लायवूडची, वर कुंदन चिकटवलेले. मला ती बघवत नाहीत. मी घरातल्या सात बायांची लुगडी घेतली. माझ्या सासूचं इरकल, माझ्या आईचं, सुनेचं, असं सात जणींचं. एकेक पाऊल वीतभर. आत धोतराचे चार पदर, वर धावदोरा, टाच ते बोटं एका रेषेत. अख्खा उन्हाळा गेला. पूर्ण झाल्यावर फरशीवर मांडून वरून फोटो काढला. माझा अंगठा त्यात आला. नात म्हणाली, "कापून टाकते." मी म्हणाले, "राहू दे, म्हातारीचा अंगठा कोण बघतंय." खाली मी नेहमीसारखं माप लिहिलं, दोरा लिहिला, आणि कुणी केलं ते लिहिलं नाही.

लग्नाला अजून आठ-नऊ महिने होते. तेवढ्या वेळात तो फोटो किती जणींनी आपापल्या बोर्डावर नेला मला माहीत नाही. नेताना माझ्या ओळी गळून पडत होत्या, तेही मला माहीत नव्हतं. एकीकडून दुसरीकडं, दुसरीकडून तिसरीकडं, आणि शेवटी चित्र उरतं. एवढं मापाचं लिहिलेलं गेलं आणि अंगठा राहिला.

लग्नाच्या दोन दिवस आधी पाटी करायची होती. नात म्हणाली, "आजी, 'आजीनं केलेली सात पावलं' असं लिहू या."

मी म्हणाले, "येडी हायस का. सासरची माणसं म्हणतील, पोरीला काहीच येत न्हाई, आजीनं करून दिलं."

"मला काहीच येत न्हाई. खरंच हाय ते."

"खरं असलं म्हणून टेबलावर मांडायचं असतं का? नवरीनं केलं असंच लिहितात."

"मला खोटं वाटतंय गं."

"सगळ्यांचं तसंच असतं. माझ्या लग्नात काय मी केलं होतं? माझ्या मामीनं केलं होतं."

तिनं माझ्या म्हणण्याप्रमाणं पाटी लिहिली. सोनेरी शाई तिनंच आणली.

म्हणून त्या दिवशी त्या खुर्चीपाशी कोण खोटं ते मला ठाऊक होतं. मी बोलले असते तर झालं असतं. एवढंच म्हणायचं होतं, "पाटी मी लिहायला लावली, पोरीचा दोष न्हाई." एक वाक्य. अंगठा दाखवायला माझ्याकडं हिंमत होती आणि या वाक्याला नव्हती. मी म्हणाले, "रीत हाय ती. तुमच्या लग्नात काय तुम्ही केलं होतं?" चुलती म्हणाली, "मी आजही करते. माझा धंदाच तो हाय." बाया हसल्या, आणि या वेळी हसणं आमच्यावर होतं.

नातीची सासू पुढं आली, म्हणाली, "चला, मुहूर्त निघून जाईल." पाटी तिनं उलटी करून ठेवली. मला ते चुलतीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

लग्न लागलं. पंगती उठल्या. आम्ही नांदेडला आलो.

घरी आल्यावर मी आणि सून फोन घेऊन बसलो. सुनेनं मला फोटोवरून फोटो शोधायचं शिकवलं. बोटं दुखेपर्यंत आम्ही सरकवत गेलो. माझी पावलं कुठंकुठं होती. कुणी लिहिलं होतं "सोप्या कल्पना". सोप्या! माझा उन्हाळा गेला त्यात. कुणी रंग बदलले होते, माझ्या सासूचं इरकल जांभळं झालं होतं. एकीनं अंगठा कापून टाकला होता. त्या साइटवर तक्रारीचा अर्ज होता, सगळा इंग्रजीत. सून वाचायची आणि सांगायची. "तुम्ही या चित्राच्या मालक आहात का, असं विचारलंय."

"लिही हाव."

"पुरावा मागितलाय."

"अंगठा पाठव."

सून त्या दिवशी पहिल्यांदा हसली. आम्ही पहिला काढलेला फोटो पाठवला. काही ठिकाणची चित्रं निघाली, काही ठिकाणची नाही. चुलतीच्या दुकानाचं पान दुसऱ्याच साइटवर होतं, तिथं तो अर्ज चालत नव्हता.

शोधता शोधता मी माझे स्वतःचेही बोर्ड उघडून पाहिले. करून पाहिल्याशिवाय टाचत नाही हा माझा नियम होता, पण कुणाचं बघून केलं ते मी एकदाही लिहिलं नव्हतं. चोच असलेली एक लोकरीची टोपी होती. ती मी कुणाच्या फोटोवरून विणली, ती बाई नांदेडची की कुठली, जिवंत आहे की नाही, काही माहीत नाही. खाली माझं माप आणि माझा फोटो. सुनेला मी ते दाखवलं नाही. चुलतीत आणि माझ्यात फरक आहे. मी त्यावर नंबर लावून भाडं घेतलं नाही, आणि माझंच आहे असं म्हणाले नाही. पण दुसऱ्याचं आहे असंही म्हणाले नाही.

मग मी लिहायला बसले. रुखवताच्या बोर्डावर जेवढी माझी चित्रं होती, जुन्या लग्नांतली, कोडॅकच्या काळातले फोटो फोनानं परत काढून लावलेली, त्या सगळ्यांखाली लिहायला सुरुवात केली. "हे मी केलं आहे." तीन-चार झाली असतील, तोच भोकरहून फोन. जिच्या लग्नात मी मण्यांची तुळस केली होती ती पोरगी. आता तिलाच सून आलेली आहे.

"मावशी, ते काय लिहिलंत? काढा की."

"खोटं लिहिलं का?"

"खरं हाय, पण माझ्या सासूला आजवर वाटतं तुळस मीच केली. सगळ्यांना दाखवत असते."

"तुझी सासू नव्वदीची झाली. ती कशाला फोन बघती."

"ती न्हाई बघत. माझी सून बघती."

मी काढलं. दुसऱ्या दिवशी आणखी एकीचा फोन, तेच. म्हणजे माझं खरं लिहायचं तर गावातल्या निम्म्या बाया त्यांच्या घरात खोट्या पडत होत्या. ते खोटं माझ्याच हातानं बांधलेलं. चिडून मी फोन पलंगावर आपटला. तो फुटला नाही, गादी मीच शिवलेली होती.

आणि इकडं लातुरात माझी नात रोज त्या चुलतीसमोर होती. घर एक, खाली हे, वर ते. पाणी भरायला एकच मोटर. नात सकाळी लातुरातल्या लॅबमध्ये जायची, संध्याकाळी घरी. चुलती जिन्यावर भेटली की म्हणायची, "आमच्या नवरीच्या हातात लई कला हाय, पण हात नांदेडला ठेवून आली." पाहुणे आले की म्हणायची, "हिला फाटलेलं शिवायला देऊ नका, आजीला बोलवावं लागंल." सासू काही म्हणत नव्हती. पण लग्नात आलेल्या साड्यांना फॉल लावायचे होते, ते तिनं नातीला दिले नाहीत, शेजारणीला दिले. नात म्हणाली, "आजी, त्या मला वाईट वागवत न्हाईत. पण मी काही सांगितलं ना, की त्या दोन घडी थांबतात. खरं हाय का खोटं, ते बघत असल्यासारख्या. दूध उतू गेलं न्हाई म्हटलं तरी जाऊन गॅस बघतात."

हे तिनं मला फोनवर सांगितलं. रडत नव्हती. मी म्हणाले, "तू काही बोलू नको. मी येऊन बोलते."

"कवा?"

"बघते."

मी बघत राहिले. गुडघे दुखत होते हे खरं, पण गुडघ्यांमुळं राहिले नाही. चुलतीसमोर जाऊन माझी पाटी माझ्या तोंडानं खोटी म्हणायची, ते मला जमत नव्हतं. पुन्हा फोन झाला की मी त्या बाईला शिव्या द्यायचे, साइटला द्यायचे, आणि नात ऐकून घ्यायची. तिला शिव्यांचा काही उपयोग नव्हता.

भाद्रपदात महालक्ष्म्यांना मी गेले. नातीच्या सासरच्या पहिल्या महालक्ष्म्या, बोलावणं आलं होतं, न जाऊन चालणार नव्हतं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूर. घरात हळदीकुंकवाला बाया भरलेल्या. महालक्ष्म्या उभ्या, पुढं फराळ, करंज्या-लाडूंच्या माळा. आणि महालक्ष्म्यांच्या पुढं माझी सात पावलं मांडलेली. सासूनं मांडली होती.

एका पाहुणीनं विचारलं, "ही पावलं कुणी केली हो? लई छान हायत."

चुलती कुंकू लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "विचारा की नवरीला. तिनं स्वतःच्या हातांनी केलीत. पाटी होती."

मी तोंड उघडलं. त्याआधी नात बोलली. तिच्या हातात चहाचा ट्रे होता, तो तिनं खाली ठेवला.

"मी न्हाई केली," ती म्हणाली. "मला बटण बी लावता येत न्हाई. ही आजीनं केलीत, ही बसली ती माझी आजी. फोटो आजीनं टाकला होता, काकूंनी तो तिथून घेतला आन् स्वतःचा नंबर लावला. पाटी आजीनं लिहायला लावली, मी नको म्हणत होते, पण लिहिली मीच. त्यामुळं पाटी खोटी, आन् काकूंचं डिझाइन बी खोटं. आता मला हे जिन्यावर रोज ऐकायचं न्हाई."

चुलती म्हणाली, "बघा, लेकीसुनांची जीभ." पाहुणी माझ्याकडं वळून म्हणाली, "आजी, खरं का?" मी म्हणाले, "पाटीचं खरं हाय. माझी चूक." एवढं म्हणायला मला सहा महिने लागले होते, आणि तेही नातीनं आधी म्हटल्यावर.

सासू फराळाची ताटं लावत होती. ती म्हणाली, "हे लग्नातच बोलली असतीस तर बरं झालं असतं." नातीला म्हणाली की मला, मला कळलं नाही. नातीनं "हाव" म्हटलं.

चुलतीनं दुकानाच्या पानावरून फोटो हटवला नाही. त्याच्यावरची लाल पट्टी तेवढी काढली. नातीशी ती आता बोलत नाही, आणि नात म्हणते तेच बरं आहे. सासूनं दिवाळीच्या साडीचा फॉल तिलाच दिला. तो नातीनं बाहेरून लावून आणला आणि बाहेरून लावला असं सांगितलं. सासू उठून बघायला गेली नाही.

मी अजून बोर्ड लावते. माझ्या नव्या चित्राखाली मी केलं असं लिहिते, दुसऱ्याचं बघून केलं असेल तर तेही लिहिते, आणि कुणाचं ते माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहिते. जुन्या रुखवतांखाली काही लिहीत नाही. त्या पोरींनी नको म्हटलंय.

लग्नापासून महालक्ष्म्यांपर्यंत त्या घरात माझ्या पाटीचं बोलणं माझ्या नातीनं ऐकलं. मी नांदेडला होते.